चोरांचं पान

माझ्या शिकवणीच्या वहीत एक पान होतं. त्याला आम्ही सगळे ‘चोरांचं पान’ म्हणायचो. वर मधोमध लाल शाईत ‘थीफ’ आणि खाली त्याचं सगळं गणगोत. घर फोडून आत शिरणारा बर्गलर, धाक दाखवून लुटणारा रॉबर, गर्दीत खिशात हात घालणारा पिकपॉकेट, दुकानातनं माल लांबवणारा शॉपलिफ्टर, विश्वासानं हाती दिलेलं गिळून टाकणारा एम्बेझलर, दुसऱ्याचं लिखाण आपल्या नावावर खपवणारा प्लेजिअरिस्ट. जनावरं पळवणाऱ्याला तर त्या लोकांनी वेगळाच शब्द ठेवलाय, रस्टलर. हे पान शिकवायचं म्हटलं की मला चेव यायचा. खोटं कशाला बोलू, मिरवायला मिळायचं.

हायस्कुलात सगळी उमर इंग्रजी शिकवून मी रिटायर झाले आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग काढला. मोठ्या माणसांचा. आठवड्यातून तीन दिवस. एक रिक्षावाले काका येतात, त्यांना परगावच्या प्रवाशांशी दोन वाक्यं नीट बोलायची असतात. कापडाच्या दुकानातली एक जैन सूनबाई येते, नवऱ्यापेक्षा चांगलं बोलून दाखवायचं एवढंच तिचं ध्येय. आणि एक सिक्युरिटी गार्ड बाई. पस्तिशीची, अंगानं दणकट, आवाज असा की गल्लीच्या तोंडाला ‘गुड इव्हनिंग बाई’ म्हणाली तरी मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. शहरात नवीन झालेल्या एका मोठ्या दुकानात ती दाराशी उभी असते. ट्रॉली ढकलत फिरायचं आणि शेवटी काउंटरवर पैसे भरायचे, तसलं दुकान. तिला सुपरवायझर व्हायचं होतं. अट एकच, रिपोर्ट इंग्रजीतून लिहिता आला पाहिजे. नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला, दोन पोरी शाळेत. ती जागा तिला किती हवी होती ते मला माहीत होतं. ड्युटी संपवून तशीच युनिफॉर्मवर यायची आणि पहिल्या रांगेत बसायची.

चोरांचं पान शिकवलं त्या सोमवारी वर्गात नुसता धुमाकूळ झाला. रिक्षावाले काकांनी हात वर केला. “बाई, कारखान्याला चाललेल्या ट्रॉलीतनं ऊस वडतोय की आपण, त्येला काय म्हणायचं?”

“थीफ,” मी म्हटलं.

“आन् सकाळी फिराय गेल्यावर दुसऱ्याच्या कंपाउंडातली फुलं देवाला तोडत्यात ती?” सूनबाईनं विचारलं. तिचा रोख सासूवर होता, हे सगळ्यांना कळलं.

“थीफ.”

“अवो, मग आख्खं कोल्हापूरच थीफ हाय की वो बाई!” गार्ड बाई म्हणाली आणि खोली हसून हसून गदगदली.

मला हसायला काय झालं होतं? पण माझा स्वभाव मेला तापट. शिकवताना कोणी टवाळी केली की डोकं फिरतं. मी खडू आपटला आणि चांगलं दहा मिनिटं व्याख्यान दिलं. आपल्यात सगळंच मोघम, म्हटलं. चार ठिकाणी हात मारतो आणि त्याला नाव देत नाही, म्हणून आपल्याला काही वाटत नाही. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथं प्रत्येक गोष्टीला तिचा नेमका शब्द आहे आणि तो वापरायचा, समोर कोण आहे ते बघायचं नाही. गार्ड बाईनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं.

बुधवारी माझा थोरला भाऊ कोल्हापुरात येणार होता. आम्ही मूळचे मुरगूडचे. गावाबाहेर आमच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं आणि अण्णा, म्हणजे हा भाऊ, तिथला गुळव्या. गुळव्या म्हणजे काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, उकळणारा रस कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. क्षणभर चुकला तर सगळा गूळ वाया. अण्णा सातवीत शाळा सोडून त्या काहिलीशी उभा राहिला म्हणून मला कोल्हापूरला राहून बीए, बीएड करता आलं. हे त्यानं मला कधी ऐकवलं नाही. ‘माजी भण इंग्लिश शिकवती’ एवढंच तो गावभर सांगत हिंडायचा. आता गुऱ्हाळ बंद आहे, ऊस कारखान्याला जातो. अण्णा सत्तरी ओलांडून गेला, पण गूळ दिसला की त्याचा हात आपोआप पुढं होतो. कोपरा मोडायचा, उजेडात धरून रंग बघायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे. मग सांगायचं, रान खारवट होतं का, साखर मिसळलीय का. आमच्याकडं गूळ कोणी चाखल्याशिवाय घेतच नाही. बाजारात व्यापारी स्वतः गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून हातावर खडा ठेवतो. आणि गुऱ्हाळावर तर आल्यागेल्याच्या हातावर गरम गूळ ठेवला नाही तर वडील गड्यांवर खेकसायचे.

अण्णाचा नवा चष्मा तयार झाला होता, तो घ्यायला तो येणार आणि दुपारी माझ्याकडं जेवून जाणार, असं ठरलेलं. मी भरली वांगी केली, भाकरी टाकायची राहिली होती. साडेबाराला फोन वाजला. गार्ड बाई होती.

“बाई, मी बोलतोय. मॅनेजर सायबांच्या केबिनमधनं. सायेब भाईर गेल्यात.” आमच्याकडच्या बायका ‘मी बोलतोय, मी जातो’ असंच म्हणतात, मीही वर्ग सोडला की तशीच बोलते. “एक जण गावलाय वो. दुकानातनं माल लांबवणारा, त्येला पानावर काय हुतं?”

मला काय आनंद झाला! सोमवारी शिकवलं आणि बुधवारी उपयोगाला आलं. “शॉपलिफ्टर!” मी खणखणीत आवाजात सांगितलं. स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. तिनं फोन स्पीकरवर ठेवला असावा, माझाच आवाज घुमून मला परत ऐकू येत होता.

“म्हातारं माणूस हाय वो बाई,” ती जरा हळू म्हणाली. “सेंद्रिय गुळाचं पाकीट फोडलंय आन् खडा गावलाय खिशात. नुसतं ‘खाऊन बघितलं’ असं लिवलं तर न्हाई चालायचं?”

“मग तो रिपोर्ट कसला? गप्पा झाल्या!” मी म्हटलं. “म्हातारा असू दे नाहीतर तरणा. वय बघून शब्द बदलतो का? शॉपलिफ्टरच लिही. आणि पुढं लिही, कॉट रेड-हँडेड. म्हणजे मुद्देमालासकट पकडला. छान दिसतं ते.”

पलीकडं कोणीतरी खोकलं. ती ‘थँक्यू बाई’ म्हणाली आणि फोन बंद झाला.

अण्णा जेवायला आला नाही. दोन वाजता त्याचा फोन आला, एसटी गावली म्हणून तसाच गेलो, म्हणाला. मी त्याला फाडफाड बोलले. वांगी कोणाच्या घशात घालू, इतक्या लांबून येतोस आणि बहिणीच्या दारात पाय ठेवत नाहीस, एसटी काय दिवसातनं एकच आहे का? तो ‘व्हय, चुकलंच’ म्हणाला. एवढ्या लगेच तो कधी चूक कबूल करत नाही, पण माझं लक्ष कुठं होतं.

शुक्रवारी गार्ड बाई वर्गाला आली ती फुलून. हातात रिपोर्टची कॉपी. “सायेब म्हणालं, फर्स्ट क्लास लिवलाय. बाई, तुमी एकदा बघा की.” सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. मी चष्मा लावला. इंग्रजी खरंच चांगलं होतं. ‘शॉपलिफ्टर’ मोठ्या अक्षरात, खाली ‘कॉट रेड-हँडेड’. त्याखाली आरोपीची सही, मराठीत, मोठमोठ्या अक्षरांची. आणि कोपऱ्यात फोटो.

अण्णा होता. टोपी सरळ केलेली, नवा चष्मा नाकावर. एका हाताच्या तळव्यावर गुळाचा खडा धरायला लावलेला. फोटो काढताना कॅमेऱ्याकडं सरळ बघायचं असतं, म्हणून तो सरळ बघत होता.

वाटलं, आत्ता कागद फाडावा आणि सांगावं, हा माझा भाऊ आहे. ह्यानं मला शिकवलं. ह्याच्या काहिलीवर मी मोठी झाले. पण समोर रिक्षावाले काका होते, सूनबाई होती. सोमवारचं माझं व्याख्यान सगळ्यांच्या लक्षात होतं. मला लाज वाटली. अण्णाची वाटली की स्वतःची, ते तेव्हा कळलं नाही, आता कळतं. मी लाल पेन काढलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि म्हटलं, “व्हेरी गुड.”

“ह्यो फोटो आता बोर्डावर लागणार,” गार्ड बाई सांगत होती. “काउंटरच्या मागं. धरलेल्यांचं सगळ्यांचं लावत्यात. सोमवारी लागंल.”

त्या दुकानात कागल, मुरगूड, सगळ्या बाजूची माणसं येतात. लग्नाचा बाजार करायला गाड्या भरभरून येतात. अण्णाला ओळखत नाही असं त्या भागात कोण आहे? त्याच्या हातचा गूळ दोन पिढ्यांनी खाल्लाय.

शनिवारी सकाळी अण्णाचा फोन आला. दर शनिवारी येतोच. पाऊसपाणी, म्हशीचं दूध, गुडघे, सगळं बोलून झालं.

“तायडे, एक इचारू?”

“विचार की.”

“शॉपलिफ्टर म्हंजे काय गं?”

“दुकानातनं चोरी करणारा,” म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. इतकी वर्षं मुलांना अर्थ सांगत आले, तसाच सांगितला. मग विचारलं, “कुठं वाचलास?”

“असंच. कुठंतरी बोर्ड बघितला.”

त्याला खोटं बोलता येत नाही. मला कळत होतं की तो खोटं बोलतोय आणि मी त्याला बोलू दिलं. ‘बरं, जेवलास का’ म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र मला घास गिळवेना. रविवारचा दिवस मी घरात येरझाऱ्या घालून काढला. कपाटं आवरली, डबे घासले, कामवाल्या बाईवर उगीच ओरडले. दुसरं काही जमतच नव्हतं.

सोमवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मी गार्ड बाईला गाठलं. मागच्या दारापाशी ती चहा पीत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. तो माझा सख्खा भाऊ आहे. गुळव्या आहे. आमच्यात गूळ चाखूनच घेतात. त्यानं चाखला, खिशात खडा टाकला तो मला दाखवायला टाकला असणार. ‘बघ, सेंद्रिय म्हणून काय विकाय लागलेत’, असं त्याला माझ्याकडं येऊन म्हणायचं असणार.

“व्हय वो, तसंच म्हणत हुतं ते. ‘साखर घातलीया ह्यात, भणीला दावतो’ म्हणालं. मला वाटलं, थापा मारतंय.” मग तिनं कप खाली ठेवला. “शुक्रवारी फोटो बघितल्याबरोबर वळखलासा न्हवं तुमी?”

“हो.”

“मग ‘व्हेरी गुड’ कसं काय म्हणालासा?”

“सगळा वर्ग बघत होता,” मी म्हटलं.

“मी तवाच इचारलं हुतं तुमाला, खाऊन बघितलं असं लिवू का म्हणून. मला कळत हुतं वो. माजा बा बी बाजारात असंच करायचा. पर म्हटलं, बाईंना जास्त कळतंय.” तिचा आवाज चढत चालला होता आणि तिनं तो आवरला नाही. “आन् सख्ख्या भावाला असं टांगताना बघून तीन दिस गप बसणाऱ्याला काय म्हणत्यात, बाई? हाय का शब्द तुमच्या त्या पानावर?”

नव्हता. वर्गात मला कोणी असं बोललं असतं तर मी बाहेर काढलं असतं. त्या दिवशी मी मान खाली घालून ऐकून घेतलं. ती बोलली ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

मला वाटलं होतं, आता मलाच मॅनेजरसमोर जावं लागणार. पण ती म्हणाली, “तुमी थांबा हितंच. मी लिवतो.” आणि तिथंच मालाच्या खोक्यावर कागद ठेवून तिनं दुसरा रिपोर्ट लिहिला. मी एकही शब्द सांगितला नाही. तिनं लिहिलं की त्या वृद्ध गृहस्थांनी गूळ चाखून बघितला. आमच्या भागात चाखल्याशिवाय गूळ घेत नाहीत. ते सांगत होते, मी ऐकून घेतलं नाही. ते चोर नाहीत. चूक माझी आहे. दोन ठिकाणी क्रियापद चुकलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

तिच्यामागनं मीही केबिनमध्ये गेले. मॅनेजर तरुण होता, वाईट नव्हता. त्यानं दोन्ही कागद वाचले, फाइलमधून फोटो काढून दिला, सहीचा मूळ कागदही दिला. पण तिला म्हणाला, पहिल्याच रिपोर्टला असं झालं तर मी वर काय सांगू? सुपरवायझरचं आपण पुढं बघू. ती ‘बरं सर’ म्हणाली आणि जाऊन दाराशी उभी राहिली. शब्द कोणाचा होता हे तिनं त्याला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मी तिथंच, त्याच्या टेबलासमोर उभी होते आणि तोंड उघडलं नाही. त्याचा मला आजही संताप येतो.

दुपारच्या एसटीनं मी मुरगूडला गेले. अण्णा दारातल्या कट्ट्यावर म्हशीसाठी दावं वळत बसला होता. मी आधी फोटो आणि सहीचा कागद त्याच्या हातात ठेवला. त्यानं दोन्ही उलटसुलट करून बघितलं, उठला, परसात पाणी तापवायच्या चुलीत जाळ होता त्यात सारलं आणि पूर्ण जळेपर्यंत उभा राहिला. मग परत येऊन बसला. दुसऱ्या रिपोर्टची कॉपी मी त्याला वाचून दाखवली. आधी त्याच्या हट्टानं इंग्रजीत, मग मराठीत. ‘ते चोर नाहीत’ या वाक्याला त्यानं मला थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं.

“पोरगी गुणाची हाय,” तो म्हणाला. “समदं आपल्या अंगावर घितलं की तिनं.”

मला राहवेना. “अण्णा, तो शब्द...”

“ठावं हाय मला.”

“काय ठावं आहे?”

“फोन मोठ्यानं लावला हुता तिनं. तुजा आवाज मी वळखणार न्हाई व्हय?”

म्हणजे त्यानं सगळं ऐकलं होतं. म्हातारा असू दे नाहीतर तरणा. कॉट रेड-हँडेड, छान दिसतं ते. हातावर गुळाचा खडा घेऊन, त्या केबिनमध्ये उभा राहून. मी रडायलाच लागले. “मग बोलला का नाहीस? तिथल्या तिथं सांगायचंस, ही माझी बहीण आहे म्हणून!”

“आन् काय झालं असतं? चार माणसांत तुजी मान खाली गेली असती. शिकवणाऱ्या बाईचा भाऊ चोर, असं झालं असतं की. मला काय, एक सही करायची हुती, केली.” तो दावं वळू लागला. “जेवायला बी त्याच्यासाठीच आलो न्हाई. तोंडावरनं वळखलं असतंस तू.”

“मग शनिवारी अर्थ कशाला विचारलास?”

“तुला कुठनं कळलंय का, ते बघत हुतो.” तो हसला. “न्हाई कळलेलं, ते बरं वाटलं. म्हटलं, सुटलो. कळलं असतं तर तुला घास गिळवला नसता.”

मी डोळे पुसले. चोरांचं पान मी त्या रात्री घरी येऊन फाडलं. गार्ड बाई अजून वर्गाला येते, पहिल्या रांगेत बसते, पण मला शब्द विचारत नाही, स्वतः डिक्शनरीत बघते. सुपरवायझरची जागा तिला अजून मिळालेली नाही. फोनवरनं तो शब्द मीच लिहायला लावला, हे मॅनेजरला सांगायला मी येत्या सोमवारी जाणार आहे.

पण त्याआधी मुरगूडला जायचंय. मला शुक्रवारीच सगळं कळलं होतं, फोटो बघून मी ‘व्हेरी गुड’ म्हटलं होतं, हे अण्णाला अजून माहीत नाही. म्हणून हे सगळं लिहून काढलं. त्याला वाचून दाखवणार आहे. मराठीतच लिहिलंय, त्याला कुठल्या शब्दाचा अर्थ विचारावा लागणार नाही.